विश्लेषण : प्रबंधातले उत्तर धाडच्या मिरचीपर्यंत का पोहोचत नाही?

बुलढाणा तालुक्यातील धाड हे विदर्भाच्या पश्चिम कडेवरचे बाजाराचे गाव. इथून थोडे पुढे गेले की जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुका, म्हणजेच मराठवाडा सुरू होतो. दोन्हीकडची मिरची सारखीच आणि तिच्यावर पडणारा कोकडाही सारखाच. बदलते ते सल्ला देणारे कृषी विद्यापीठ. धाड अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात, तर भोकरदन परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या. दोन्ही विद्यापीठांत दरवर्षी उद्यानविद्येचे पदव्युत्तर विद्यार्थी भाजीपाला व फळपिकांवर प्रबंध लिहितात. त्यातले किती शेतकऱ्याच्या बांधापर्यंत येते आणि जे येत नाही ते नेमके कुठे अडकते?

उद्यानविद्येतील पदव्युत्तर शिक्षण म्हणजे काय?

बी.एस्सी. (कृषी) किंवा बी.एस्सी. (उद्यानविद्या) ही चार वर्षांची पदवी झाल्यावर दोन वर्षांची, चार सत्रांची एम.एस्सी. असते. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने २०२१ मध्ये सुधारलेल्या अभ्यासक्रमानुसार या पदवीचे एकूण ७० श्रेयांक आहेत आणि त्यातले ३० एकट्या संशोधन प्रबंधाचे. पीएच.डी.च्या १०० श्रेयांकांपैकी तर ७५ प्रबंधाचे. म्हणजे ही पदवी मुख्यतः वर्गात बसून मिळवायची नाही, प्रयोगाच्या शेतात उभे राहून मिळवायची आहे, असे नियमच सांगतो.

पूर्वी ‘उद्यानविद्या’ हा एकच विषय होता. आता त्याचे फळशास्त्र, भाजीपालाशास्त्र, पुष्पशास्त्र, मसाला व औषधी पिके, काढणीपश्चात व्यवस्थापन असे भाग झाले आहेत. विद्यार्थ्याला एक मार्गदर्शक आणि त्याच्यासोबत सल्लागार समिती मिळते. पहिल्या काही महिन्यांत संशोधनाचा आराखडा म्हणजे सिनॉप्सिस मंजूर करून घ्यायचा आणि मग प्रयोग लावायचा.

दोन वर्षे की एकच खरीप?

कागदावर दोन वर्षे दिसतात, पण पिकाच्या हिशेबाने ती तशी नसतात. प्रवेश परीक्षा, निकाल, प्रवेशाच्या फेऱ्या यात पावसाळ्याचा बराचसा भाग संपतो. धाड-भोकरदनच्या पट्ट्यात ठिबक आणि मल्चिंगवरच्या मिरचीची लागवड पाऊस पडायच्या आधीच सुरू होते आणि पावसाळ्यात तोडा जोरात असतो. विद्यार्थी विद्यापीठात पाऊल ठेवतो तेव्हा हे पीक अर्ध्यावर आलेले असते. आराखडा मंजूर होईपर्यंत हिवाळा लागतो. त्यामुळे त्याच्या हाती पुढच्या वर्षीचा एकच खरीप लागतो, कारण त्यानंतरच्या उन्हाळ्यात प्रबंध बांधून द्यायचा असतो.

एका हंगामाच्या प्रयोगातून काय कळते, हे समजायला प्रयोगाची रचना पाहावी लागेल. समजा, मिरचीवर आठ प्रकारच्या उपाययोजना तपासायच्या आहेत. त्यांना नववा, काहीच न केलेला वाफा जोडला जातो. हे नऊ वाफे तीन वेळा, दरवेळी चिठ्ठ्या टाकल्यासारखा क्रम बदलून लावतात. एकूण २७ वाफे. जमिनीच्या चढ-उतारामुळे किंवा एखाद्या कोपऱ्यात पाणी साचल्यामुळे आलेला फरक उपाययोजनेच्या नावावर जमा होऊ नये, यासाठी हा खटाटोप. शेवटी दोन वाफ्यांच्या उत्पादनातला फरक खरा की योगायोगाचा, हे सांख्यिकीने तपासले जाते.

ही पद्धत भक्कम आहे. पण ती त्या जागेपुरते आणि त्या वर्षापुरते बोलते. ज्या वर्षी पावसाने महिनाभर दडी मारली त्या वर्षीचा निष्कर्ष सततच्या पावसाच्या वर्षाला लागू होईलच असे नाही. फळझाडांत तर अडचण आणखी मोठी. संत्र्याचे कलम लावल्यापासून व्यापारी उत्पादनाला येईपर्यंत पाच-सहा वर्षे जातात. दोन वर्षांच्या विद्यार्थ्याला नवे झाड लावून त्याचे फळ मोजता येत नाही. तो विद्यापीठाच्या जुन्या बागेतली झाडे घेतो, त्यांच्यावर संजीवकाची किंवा सूक्ष्म अन्नद्रव्याची फवारणी करतो आणि एका बहाराची फळगळ मोजतो. अशा विषयांचे प्रबंध पुन्हापुन्हा दिसतात म्हणून विद्यार्थ्यांना नावे ठेवली जातात. ती ठेवताना पदवीचा कालावधी कोणी ठरवला, हेही विचारायला हवे.

कोकड्याचे उदाहरण काय सांगते?

धाड परिसरातल्या मिरची उत्पादकाला त्याची मोठी अडचण विचारली तर उत्तर बहुधा पानांच्या चुरगळण्यापाशी येते. कोणी त्याला कोकडा म्हणते, कोणी बोकड्या, पुस्तकात चुरडा-मुरडा. नावे तीन, पण शेतकऱ्याच्या लेखी रोग एकच. प्रत्यक्षात उलटे आहे. दिसायला एक असणाऱ्या या विकृतीमागे निदान तीन वेगळी कारणे असतात.

फुलकिडे पानातला रस शोषतात तेव्हा पानाच्या कडा वरच्या बाजूला वळतात आणि पान होडीसारखे दिसते. कोळी ही कीड असेल तर कडा खाली वळतात, पान उलट्या होडीसारखे होते आणि देठ लांबतो. तिसरे कारण विषाणू. तो पांढऱ्या माशीमार्फत पसरतो. पाने बारीक, सुरकुतलेली होतात, पेरे आखूड पडतात, शेंड्याला गुच्छ तयार होतो आणि झाड खुजे राहते.

उपायही तीन वेगळे. फुलकिड्यांचे कीटकनाशक कोळ्यावर चालेलच असे नाही. कोळी हा मुळात कीटकच नसून कोळ्याच्या कुळातला जीव आहे, त्याला कोळीनाशक लागते. शिवाय सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील औषधांची वारंवार फवारणी केली तर कोळ्यांना खाणारे मित्रजीव मरतात आणि कोळी उलट वाढतो. विषाणू एकदा झाडात शिरला की बाजारातले कोणतेही औषध त्याला बरे करत नाही. तिथे रोपवाटिकेत जाळी लावणे, पांढरी माशी रोखणे आणि रोगट झाडे सुरुवातीलाच उपटणे एवढेच हाती राहते. पण दुकानात चुरगळलेली फांदी दाखवली की बहुतेकदा दोन-तीन औषधांचे मिश्रण हातात पडते. तिन्हींपैकी एखादे लागू पडेल, हा त्यामागचा हिशेब. फवारणीचा खर्च तिप्पट होतो आणि विषाणू असेल तर तो सगळाच पाण्यात जातो.

यात २०२१ नंतर नवी भर पडली आहे. थ्रिप्स पार्विस्पिनस ही आग्नेय आशियातून आलेली फुलकिड्याची जात भारतात प्रथम २०१५ मध्ये बंगळुरू परिसरात पपईवर नोंदली गेली. २०२१-२२ च्या हंगामात तिने आंध्र प्रदेश आणि तेलंगणातील मिरचीचे मोठे नुकसान केले. ही जात पानापेक्षा फुलात जास्त राहते, त्यामुळे फुले गळतात आणि मिरची लागतच नाही.

आता प्रश्न असा, की धाडच्या शिवारात जूनच्या शेवटी दिसणारा कोकडा कोणता आणि ऑगस्टमधला कोणता? किती टक्के शेतात विषाणू आहे आणि किती ठिकाणी निव्वळ कोळी? हे सांगायला संत्र्याच्या झाडासारखी सहा वर्षे लागत नाहीत. वीस-पंचवीस शेते निवडून दर आठवड्याला पाने आणि फुले तपासली, नमुने प्रयोगशाळेत पाठवले, तर एका खरिपात पहिला नकाशा तयार होतो. एम.एस्सी.च्या प्रबंधाला हा विषय अगदी मापाचा आहे. याच धर्तीवर दुसरा विषय वाणांचा. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने या विषाणूला प्रतिकारक असे मिरचीचे संकरित वाण दिले आहेत. इथल्या मातीत ते कसे टिकतात आणि इथल्या व्यापाऱ्याला हवी तशी लांबी-तिखटपणा त्यात मिळतो का, हे बंगळुरूत बसून कळणार नाही.

अडचण अशी, की हा विषय कोणत्याच एका विभागाचा नाही. पीक भाजीपालाशास्त्राचे, कीड कीटकशास्त्राची, विषाणू वनस्पती रोगशास्त्राचा. सल्लागार समितीत दुसऱ्या विभागाचा सदस्य असतो, पण त्याची भूमिका बहुतेकदा सहीपुरती राहते. शेतात मात्र तिन्ही एकाच पानावर बसलेले असतात.

विद्यापीठाच्या हद्दीने काय फरक पडतो?

धाडजवळची ही रेषा जुनी आहे. १८५३ च्या करारानंतर वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेला आणि भोकरदन निजामाच्या राज्यात राहिले. १९५६ मध्ये दोन्ही भाग एका राज्यात आले, पण कृषी विद्यापीठांची वाटणी विभागवार झाली. १९६८ मध्ये राहुरीत पहिले विद्यापीठ, २० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोल्याचे, १९७२ मध्ये परभणी आणि दापोली. विदर्भाचे ११ जिल्हे अकोल्याकडे आले, मराठवाड्याचे आठ परभणीकडे. पुढे १९८३ च्या कायद्याने चौघांना एका चौकटीत आणले आणि समन्वयासाठी पुण्यात महाराष्ट्र कृषी शिक्षण व संशोधन परिषद आली.

वाटणीत गैर काही नाही. पण मिरचीचा बाजार तिला जुमानत नाही. हिरव्या मिरचीचा या भागातला मोठा बाजार भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाईचा. तिथून माल परराज्यांत जातो आणि विदर्भाच्या हद्दीतला शेतकरीही त्याच बाजाराकडे पाहून लागवड ठरवतो. रोपे, औषधे, मजूर आणि कीड यांची ये-जा दोन्ही बाजूंनी चालते. सल्ला मात्र ‘विदर्भासाठी शिफारस’ किंवा ‘मराठवाडा विभागासाठी शिफारस’ अशा शिक्क्यानिशी येतो. अकोल्याची ‘कृषी संवादिनी’ आणि परभणीची ‘कृषी दैनंदिनी’ या दोन वेगळ्या पुस्तिका आहेत. अकोल्याची मिरचीची ‘जयंती’ ही जात आणि परभणीची ‘परभणी तेजस’ यांची धाडच्या एकाच शेतात शेजारी-शेजारी तुलना करायची झाली तर ती कोणत्या विद्यापीठाच्या कामात धरायची? (अर्थात दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांनी हा प्रश्न परस्पर सोडवला आहे. व्यापारी लागवडीत बोलबाला खासगी कंपन्यांच्या संकरित वाणांचाच आहे.)

प्रबंधातून शिफारस कशी होते?

प्रबंध मंजूर झाला म्हणजे शिफारस झाली असे नाही आणि तसे होऊही नये. एका हंगामाच्या निष्कर्षावर हजारो शेतकऱ्यांना खर्चात पाडणे धोक्याचे. शिफारशीसाठी साधारणतः तीन वर्षांची आकडेवारी लागते. ती आधी विद्यापीठाच्या पातळीवर तपासली जाते आणि मग चारही विद्यापीठांच्या संयुक्त कृषी संशोधन व विकास समितीपुढे जाते. कृषी क्षेत्रात तिला सगळे ‘जॉइंट ॲग्रेस्को’ म्हणतात. तिथे मान्यता मिळाली की ती पुस्तिकेत छापली जाते आणि कृषी विज्ञान केंद्रांमार्फत गावात येते.

इथेच खरी गळती आहे. विद्यार्थ्याने पहिल्या वर्षाची आकडेवारी आणली, पदवी घेतली आणि तो गेला. दुसऱ्या वर्षी तोच प्रयोग पुढच्या विद्यार्थ्याने चालवायला हवा. पण प्रत्येक प्रबंधाला ‘नवा’ विषय लागतो, असा समज घट्ट आहे. त्यामुळे पुढचा विद्यार्थी त्याच उपाययोजनांत थोडा फेरफार करून वेगळा प्रयोग लावतो. दहा वर्षांत दहा प्रबंध तयार होतात आणि तीन वर्षांची सलग आकडेवारी एकाचीही नसते.

दुसरी गळती भाषेची. प्रबंध इंग्रजीत लिहिले जातात. अनुसंधान परिषदेच्या ‘कृषिकोश’ या डिजिटल भांडारात देशभरच्या कृषी विद्यापीठांचे प्रबंध जमा होत आहेत, ही मोठीच सोय झाली. पण शे-दीडशे पानांच्या इंग्रजी पीडीएफमध्ये शेतकऱ्याच्या कामाची ओळ बहुधा शेवटच्या प्रकरणात असते. शिवाय ‘अमुक फवारणीने काही फरक पडला नाही’ हा निष्कर्ष तर कोणीच पुढे नेत नाही. शेतकऱ्याच्या खिशाच्या दृष्टीने तोच कधी कधी सर्वांत मोलाचा असतो.

मग विद्यापीठांनी काहीच दिले नाही का?

दिले आहे आणि त्याची रीत पाहण्यासारखी आहे. आज महाराष्ट्रातील डाळिंब म्हणजे मुख्यतः ‘भगवा’. त्याची सुरुवात १९३६ मध्ये पुण्याच्या गणेशखिंड येथे डॉ. जी. एस. चीमा यांनी निवडलेल्या वाणापासून होते. त्याला पुढे ‘गणेश’ नाव मिळाले. राहुरी विद्यापीठात या गणेशचा गुलशा रेड या गडद लाल दाण्यांच्या वाणाशी संकर केला गेला. त्याच्या पुढच्या पिढ्यांतून निवड करत मृदुला, आरक्ता आणि भगवा आले. भगवाची शिफारस झाली ती २००३-०४ च्या सुमारास. गणेशच्या निवडीपासून मोजले तर सदुसष्ट वर्षे. दापोलीत नीलम आणि हापूस यांच्या संकरातून १९८१ मध्ये ‘रत्ना’ आंबा आला. मग रत्ना आणि हापूस यांच्या संकरातून १९९२ मध्ये अगदी पातळ कोयीचा ‘सिंधू’ आला.

हे एकट्यादुकट्याचे काम नव्हे. माणसे बदलत गेली, पण झाडे, नोंदवह्या आणि प्रश्न तेच राहिले. प्रकल्प सलग असेल तर दोन वर्षांचा विद्यार्थीही त्यात आपला तुकडा जोडू शकतो. अकोल्यात मिरची व भाजीपाला संशोधन विभाग आहे, बुलढाण्यात याच विद्यापीठाचे संशोधन केंद्र व कृषी विज्ञान केंद्र आहे. म्हणजे ज्यावर असे तुकडे जोडता येतील तो धागा जागेवर आहे.

विद्यार्थ्यांचे लक्ष कुठे असते?

ऑगस्ट २०२४ मध्ये पुण्यात स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांनी रात्रभर रस्त्यावर ठिय्या दिला होता. २५ ऑगस्टची राज्यसेवा पूर्वपरीक्षा पुढे ढकला आणि कृषी सेवेच्या २५८ पदांचा तिच्यात समावेश करा, या मागण्या होत्या. परीक्षा पुढे गेली. त्या गर्दीत कृषी पदवीधरांची संख्या लक्षणीय होती, यात नवल नाही. एम.एस्सी. करणाऱ्या अनेकांसाठी विद्यापीठाचे वसतिगृह आणि ग्रंथालय हेच आयोगाच्या आणि बँकांच्या परीक्षेच्या तयारीचे ठिकाण असते. सकाळी वाफ्यातली झाडे मोजायची आणि दुपारनंतर चालू घडामोडी वाचायच्या.

त्यांना दोष देणे सोपे आहे. पण कृषी विद्यापीठांत प्राध्यापक आणि संशोधकांची पदे मोठ्या प्रमाणावर रिकामी आहेत. संशोधन करून संशोधकच व्हायचे म्हटले तर जागा निघत नाहीत. पीएच.डी. करणाऱ्यांच्या अधिछात्रवृत्तीवरून डिसेंबर २०२३ च्या नागपूर अधिवेशनात तत्कालीन उपमुख्यमंत्र्यांनी केलेल्या विधानाने किती संताप उसळला, ते सर्वांच्या लक्षात आहे. पदे न भरणाऱ्या सरकारनेच संशोधनाचा उपयोग काय, असे विचारावे, ही त्या संतापामागची खरी बोच होती.

आणखी एक विसंगती आहे. देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, जाफराबाद या पट्ट्यात शेडनेटमध्ये बियाणे कंपन्यांसाठी मिरची, टोमॅटोचे संकरित बी तयार होते. संध्याकाळी कळीतले पुंकेसर चिमट्याने काढायचे, सकाळी दुसऱ्या वाणाचे पराग लावायचे. याला इथे ‘क्रॉसिंग’ म्हणतात आणि ते प्रामुख्याने महिला मजूर करतात. विद्यार्थी जे तंत्र प्रात्यक्षिकाच्या तासाला शिकतात, ते या बाया दिवसाला शेकडो फुलांवर करतात. हा पट्टा उद्यानविद्येची उघडी प्रयोगशाळा आहे. मात्र पदवीच्या सातव्या सत्रात ‘रावे’ अर्थात ग्रामीण कार्यानुभवासाठी विद्यार्थी गावात राहतो आणि पुढे संशोधनाची वेळ आली की तोच विद्यापीठाच्या कुंपणात परततो. खरे तर शिक्षण वाढेल तसे गावात राहणे वाढायला हवे होते.

काय बदलता येईल?

फार पैसे न लागणाऱ्या गोष्टी आधी. खरिपाचा प्रयोग असलेल्या विद्यार्थ्याचा आराखडा मार्चपूर्वी मंजूर व्हावा. एका विषयावर ओळीने तीन विद्यार्थ्यांनी काम करणे ही नक्कल नसून पुनरावृत्ती आहे, असे विद्यापीठाने लेखी मान्य करावे. प्रत्येक प्रबंधासोबत दोन पानांचा मराठी सारांश सक्तीचा करावा. त्यात काय केले, खर्च किती आला आणि काय लागू पडले नाही, हेही असावे. तो जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्राकडे जावा.

हद्दीचा प्रश्न त्याहून अवघड, पण अशक्य नाही. सामंजस्य करार करून विद्यार्थ्याने दुसऱ्या संस्थेत प्रबंधाचे काम करण्याची वाट आधीच आहे. धाड-भोकरदनसाठी अकोला व परभणीने एक विद्यार्थी इकडून, एक तिकडून घेऊन एकच प्रयोग दोन्ही तालुक्यांत लावला तर पुण्याच्या परिषदेला समन्वयाचे प्रत्यक्ष काम मिळेल. स्वतंत्र उद्यानविद्या विद्यापीठ हा यावरचा उपाय म्हणून अधूनमधून पुढे केला जातो. हिमाचल प्रदेशात सोलनला १९८५ पासून, कर्नाटकात बागलकोटला २००८ पासून अशी विद्यापीठे आहेत. पण आहे त्या चार विद्यापीठांतली पदे रिकामी असताना पाचव्याची इमारत बांधल्याने धाडच्या शेतात माणूस वाढेल, असे मानायला आधार नाही.

तोपर्यंत मिरचीवाल्याने काय करावे?

पाने चुरगळलेली दिसली की फवारणीआधी कडा वर वळल्या आहेत की खाली, हे पाहावे. एखादे फूल पांढऱ्या कागदावर झटकावे, फुलकिडे असतील तर धावताना दिसतात. कोळी नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, त्यासाठी भिंग लागते. झाड खुजे होऊन शेंड्याला गुच्छ आला असेल तर त्या झाडावर औषध वाया घालवू नये. दोन-तीन रोगट शेंडे कागदी पिशवीत घालून, प्लास्टिकच्या नव्हे, त्याच दिवशी बुलढाण्याच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवावेत. जाणे जमत नसेल तर किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांक विनाशुल्क आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. शेंडे दाखवताना किंवा फोनवर बोलताना आधी कोणत्या फवारण्या झाल्या ते सांगावे, डब्यावरचे तांत्रिक नाव वाचून दाखवले तर उत्तम.